समुद्राखालचा फोन

सत्त्याण्णव साल. नोएडात एसटीडी बूथच्या रांगेत उभी होते. अमेरिकेतल्या मुलाशी बोलून एक निवृत्त जोडपं बाहेर आलं आणि माझ्या शेजारीच रिक्षाची वाट बघत थांबलं.

"अहो, दर वाक्याला गप्प का होत होतात? सुधन्वा घाबरला ना. मला म्हणाला, बाबांची तब्येत ठीक आहे ना?"

"बोलून झालं की थांबायचं असतं, कुमुद. आवाज उपग्रहापर्यंत वर जाणार, मग खाली येणार. वीस वर्षं उपग्रहाच्या अर्थ स्टेशनवर तेच तर केलं."

"पण आता फोन समुद्राखालच्या केबलमधून जातो. तुम्हीच सांगितलंत."

"हो. आता लगेच उत्तर येतं."

"मग?"

"सवय. आमच्या डिशवरून बोललो की मी घड्याळाकडे बघायचो. अर्ध्या सेकंदाच्या आत उत्तर आलंच नाही कधी. बरं वाटायचं, माझं बोलणं इतक्या लांब जाऊन आलं म्हणून."

"अच्छा, ते राहू द्या. दिवाळीला येतोय का, विचारलंत?"

"विचारलं."

"काय म्हणाला?"

"केबल असूनही थांबला तो. बराच वेळ थांबला."