जाळीवरचा पुठ्ठा

गॅरेजच्या बाकावर मी हात चोळत बसलो होतो. समोर एक मुलगी ट्रक घेऊन आली होती आणि मिस्त्री इंजिनात डोकं घालून उभे होते.

“थंडी पडल्यापासून अडखळतोय, काका. पांढरा धूर सोडतो, चढावर तर दमच धरत नाही.”

“डिझेल फिल्टर?”

“परवाच बदलला.”

“इंजिन गरमच होत नाहीये. पुढच्या जाळीला पुठ्ठा असायचा, तो कुठे गेला?”

“तो तेलकट पुठ्ठा? गाडी धुतली तेव्हा टाकून दिला.”

“अगं, थंडीत तुझे आप्पा तो मुद्दाम बांधायचे. त्यानं रेडिएटरवर गार वारा येत नाही. काय आवाज होता तेव्हा या गाडीचा. वळणावर ऐकू आला की मी चहा ठेवायचो.”

“आप्पा आता अंथरुणातच असतात. रोज मी निघताना विचारतात, पुठ्ठा लावलास का. आम्हाला वाटायचं, वयामुळे काहीतरी बरळतात.”

“मग तू काय सांगतेस?”

“हो आप्पा, लावला.”

“आणि उद्या?”

“उद्याही तेच सांगेन. काका, एखादा पुठ्ठा आणि थोडी तार आहे का?”