मीच लिहिलं, मॅडम

माझं माहेर सिहोऱ्याचं. वडील रेल्वेत होते, मूळचे नागपूरकडचे, पण आम्ही भावंडं इकडेच वाढलो, घरात मराठी आणि दाराबाहेर पाय टाकला की हिंदी. लग्न होऊन जबलपूरला आली ती सरळ फॅक्टरीच्या क्वार्टरमध्ये, कारण हे फिलिंग सेक्शनला होते, म्हणजे तोफगोळ्यात बारूद भरतात ना, तिथे. रेवा माझी एकुलती एक. ती लहान असतानाच ह्यांच्या किडन्या गेल्या, मग हे गेले आणि ह्यांच्या जागी मला नोकरी मिळाली. सासूबाई म्हणाल्या, बाईमाणसाने बारूदचं काम काहून करावं, ऑफिसात झाडू मार पण तिथे नको. मी म्हटलं, आई, तिथे बायका आहेत, मी पाहून आली. काय सांगू बेटा तुला, पहिला गोळा समोर आला तेव्हा मी दोन पावलं मागे सरकली होती, आणि आज नव्या बायकांना काम मीच शिकवते. आमचे साहेब म्हणतात, सुनंदाजी हैं तो हम चैन से चाय पीते हैं.

आता आमच्या क्वार्टरांमधलं बोलणं कसं असतं ते आधी सांगते, नाहीतर पुढचं समजणार नाही. दुसऱ्यांकडे जशी फाइल तसा आमच्याकडे बॉम्ब. कोणाची आई म्हणते, आज बॉम्ब कमी भरले, कुलर बंद होता. पोरं भांडली की म्हणतात, थांब, पप्पांना सांगून तुझ्या घरावर एक टाकायला लावतो, आणि आम्ही हसतो. कोणी घाबरत नाही, कारण सगळ्यांना माहीत आहे की गेटवर जाताना तलाशी, येताना तलाशी, आत काडेपेटी जात नाही आणि बाहेर चिमूटभर काही येत नाही.

रेवा ह्याच बोलण्यात वाढली. आणि मी तिला घातलं नेपियर टाउनकडच्या इंग्लिश शाळेत, डॉक्टर-वकिलांच्या मुली जिथे येतात तिथे. अकरावीत वर्गाच्या ग्रुपवर मुली तिला चिडवायला लागल्या, बारूदवाली की बेटी है, पास मत बैठो, फट जाएगी. आधी तिने हसण्यावारी नेलं. मग एक दिवस संतापली आणि लिहून टाकलं की आईच्या सेक्शनमधून सामान आणते आणि सोमवारी सगळी क्लास उडवते.

नेमका तेव्हाच नियम कडक झाला होता. शाळांना धमक्यांचे मेल येऊन राहिले होते, म्हणून ठरलं की मुलाने मारायची, उडवायची धमकी दिली, मस्करीत का असेना, तर शाळेने पोलिसांना कळवायचं, मुलाला लगेच घरी बसवायचं, आणि मग समिती ठरवेल की ठेवायचं का नाव कापायचं. पालकसभेत हे वाचून दाखवलं तेव्हा सगळ्यांत आधी मान मीच हलवली होती. असंच पाहिजे म्हटलं. दुसऱ्याच्या मुलासाठी कडक नियम बराच वाटतो ना.

मेसेज शाळेपर्यंत गेला, रेवाला घरी बसवलं आणि पोलीसबाई घरी आली, साध्या कपड्यात, पण शेजाऱ्यांना कळायचं ते कळलंच. फॅक्टरीतही मला बोलावून विचारलं. त्याचं मला काही नव्हतं, आमचा हिशोब चोख असतो. मला धास्ती एकच, नाव कापलं तर धमकीवाल्या पोरीला बारावीला घेणार कोण?

माझे दीर, प्रकाशभाऊ, युनियनमध्ये आहेत. ते म्हणाले, वहिनी, काहून रडून राहिल्या, सोपं आहे, सांगायचं मोबाइल कोण्या मैत्रिणीच्या हातात होता, साबित कोण करून राहिलं? सासूबाई म्हणाल्या, हो, असंच सांगा. रेवा माझ्याकडे बघत होती. मी हो म्हटलं नाही आणि नाही पण म्हटलं नाही, भांडी घासत बसली.

समितीत प्रिन्सिपल मॅडम, पोलीसबाई, आमच्याकडून मी, रेवा आणि प्रकाशभाऊ, आणि रेवाच्या वर्गात तनिष्का म्हणून एक मुलगी आहे, तिची आई. ती मुलगी चिडवणाऱ्यांतली नव्हती बरं का. तिची आई ओरडली नाही, हळूच म्हणाली, मेरी बेटी तब से बाथरूम का दरवाज़ा बंद नहीं करती, कहती है मम्मी बाहर खड़ी रहो. मला तर बाई खाली बघावंसं झालं. आमच्याकडे ज्याच्यावर हसतात, त्याच्याने इथे एका पोरीचं दार लागेना.

मॅडमने विचारलं, रेवा, ये तुमने लिखा? प्रकाशभाऊ खोकले. इशाराच होता तो. रेवा उभी राहिली आणि म्हणाली, मीच लिहिलं, मॅडम, हातही माझा आणि मोबाइलही माझा. मग तनिष्काच्या आईकडे वळून म्हणाली, आंटी, हमारे यहाँ इससे कोई डरता नहीं, मैंने सोचा ही नहीं कि यहाँ कोई डरेगा. मैं घर आकर तनिष्का से बोलूँ?

त्या बाईने लगेच हो म्हटलं नाही. पण नाव कापू नका, हे मॅडमना तिनेच सांगितलं. सजा झालीच. वर्ष संपेपर्यंत वर्गात यायचं नाही, फक्त परीक्षेला यायचं, दर हप्त्याला समुपदेशकाकडे जायचं आणि शाळेच्या रेकॉर्डला कारवाई लागली. चिडवणाऱ्या मुलींनाही समज मिळाली, थोडीशी. बाहेर आल्यावर प्रकाशभाऊ म्हणाले, घ्या वहिनी, सत्याचा प्रसाद. मी म्हटलं, भाऊ, प्रसाद आहे ना, मग हात पुढे करून घेऊ. कुठून बोलली कोण जाणे, पण तेव्हा मला इतका अभिमान वाटला पोरीचा की रिक्षात बसल्यावर तिच्याकडे बघवेना.

अकरावी घरी बसून शिकली, मग बारावी झाली, चांगली झाली. तनिष्काकडे गेली ती मात्र एकटी, काय बोलल्या दोघी ते मला अजून माहीत नाही.

आता परवा कॉलेजात मुलाखत होती. दार अर्धं उघडं, मी बाहेर बाकावर. आतल्या बाईंनी विचारलं, कभी कोई कार्रवाई हुई है? मी बाकावरून उठलीच. आणि पोरीने सगळं सांगितलं, पहिल्यापासून, तो मेसेजही जसाच्या तसा. येताना मी म्हटलं, अगं, तेवढं नसतं सांगितलं तर? तर म्हणते कशी, आई, त्यांनी विचारलं ना.

यादी अजून लागायची आहे. नाव आलं तर देवाची कृपा, नाही आलं तर दुसरं कॉलेज बघू. मी मात्र सेक्शनमध्ये सगळ्या बायकांना सांगून टाकलं, माझ्या रेवाची मुलाखत एकदम छान झाली.