आता बोलू का?

नाशिकच्या स्टँडवर दीपमाला ओझरच्या बसच्या रांगेत उभी होती. तिच्या पुढे रिकाम्या पाट्या घेतलेली भाजीवाली आणि तिचा पोरगा. पोराच्या हातात कॅसेट.

“साउंडवाल्यानं ही परत दिली. मला डीजे व्हायचंय, आई, आणि माझ्या डेमोत तू ओरडतेस, ‘ललित, मेथीच्या जुड्या बांध!’”

“मंग, बांधल्या होत्या का तू?”

“अगं, स्पीकरसमोर टेप ठेवूनच रेकॉर्ड करतो मी. घरातलं सगळं त्यात येतं.”

“मंग मी बाजारात गेल्यावर करायचं.”

“तेव्हा लाईट नसते!”

“तू हातानं गप म्हणलास, त्याच्यानंतर मी तोंड उघडलं नाय.”

“नाही कसं? एका गाण्यातून दुसरं असं काढलं होतं, की सांधा कळत नव्हता. बरोब्बर तिथंच तू विचारतेस, ‘झालं का रे? आता बोलू का?’”

“हळूच इचारलं ना पण?”

“टेपच्या कानात विचारलंस!”

“बरं, त्यानं ऐकली का नाय?”

“शेवटपर्यंत ऐकली.”

“मंग झालं तर!”

“काय झालं? म्हणतो, गाणी काय, सगळेच वाजवतात. तुझी आई पुढं काय बोलते, म्हणून ऐकत बसलो.”

बस लागली. पाट्या उचलता उचलता बाई थांबली.

“मेल्या, हे आधी नाय सांगायचं? दुसरी अख्खी बाजू मी तोंडाला पदर लावून बसले!”