सिंगापूरला राहिलेलं जावळ

दार वढून घे आधी, मग मपल्या नातवाच्या टोपीला हात लाव. — आं? गिऱ्हाईक? दुपारी दोन वाजता कोन येतंय रे नाथा दाढी करायला, समदं नेकनूर जेवून आडवं झालंय. म्हणून तर ही वेळ धरून आले. परमू, गुमान बस खुर्चीवर, गरागरा फिरवू नको ती, सिंगापुरात फिरलास तेवढं बास झालं. — तर उद्याच्या जावळाचं बोलत हुते मी. माळावर बिरोबापुढं मांडव पडलाय, दोन बोकडं दारात बांधलीत, परमूचा मामा सुग्रीव भाच्याला मांडीवर घ्यायला चकलांब्याहून सांजच्याला यायलाय, आन मपली लेक मनिषा जावळ झेलायला नवं लुगडं नेसून पदर पसरणार हाय. समदं तयार हाय, एक गोष्ट सोडून. काढ आता टोपी. — बघितलंस? मीट आता तोंड, माशी जाईल.

कसं झालं म्हणतोस? सांगते, पण भिंतीला बी कळू देऊ नको. आमच्या अंगदचं, परमूच्या बापाचं, बी-बियाणाचं दुकान तर तुला ठाऊकच हाय. औंदा त्यानं कंपनीचं औषध लई खपवलं, तर कंपनीनं बक्षीस दिलं — सिंगापूर, चार दिवस, लेकराबाळासकट. मला कावून नेलं? फिरायला? खुळा का काय तू. दोन लेकरं कडंवर घेऊन जत्रंतल्यासारख्या उंच पाळण्यात बसता येत न्हाई, म्हणून नेलं. सून स्वप्ना म्हणली, आई, तुमी बी जग बघा. जग म्हंजे काय — त्या मोठ्या पार्कात एका बाकड्यावर बसून चपला, पाण्याच्या बाटल्या आन दोन लेकरं राखायची. हितं मेंढरं राखली, तितं लेकरं राखली, फरक एवढाच का मेंढरू आईस्क्रीम मागत न्हाई. आन रांगा — दीड तास रांग, दीड मिनिट पाळणा, आन उतरल्यावर स्वप्नाला वकाऱ्या. बीडच्या गाडीत मागच्या शिटावर बसली असती तरी तेच झालं असतं, त्याला इमान कशाला पायजे? एक कापडाचं अस्वल आलं, माणसाएवढं, ज्याला त्याला मिठ्या मारीत. वर्षाराणी, आमची थोरली नात, पडली त्याच्या गळ्यात. मी त्याच्या पोटावर हात ठिवला तर आतनं धापा ऐकू आल्या — कुणाचं तरी लेकरू आत उकडून निघत हुतं रे. मी बाटली म्होरं केली तर घेईना, नुस्तं नाचतंय. पोटासाठी कोन कशाचं सोंग घेईल सांगता येत न्हाई.

तर तिसऱ्या दिशी अंगद आन स्वप्ना मोठ्या पाळण्याच्या रांगेला गेली. जाताना मला आन दोन्ही लेकरांना एका दुकानात बसवून गेली — बारक्या पोरींना राणी करायचं दुकान. झगा, मुकूट, गालाला चमकी. वर्षाराणीचा नंबर लागला हुता. आता परमूचे केस तू बघितलेलेच, कमरंपस्तोर, दोन येण्या घालायचो. तितल्या पोरीला वाटलं ही बी पोरगीच. हासून काय तरी इचारलं तिनं, मी मान हलवली. कुणी हासून इचारलं तर मान हलवावी, एवढीच मला विंग्रजी येती. झालं — बसविला खुर्चीवर आन — आन कापले. व्हय, त्यांनीच. अंगद येऊन लई वरडला, त्यांनी माफी मागितली, आन एक फुकट पाळणा दिला. त्यात बी आमी बसलो, सोडतो का. केस? केस त्यांच्या झाडायच्या मिशीननं गिळले, फूस करून. एक बट घावली न्हाई.

म्हणून आले तुझ्याकडं. उद्या मामा परमूच्या डोक्यावर शेला धरील, तू आत हात घालायचा, कातर वाजवायची, आन मूठभर केस मनिषाच्या पदरात सोडायचे. कुठले म्हंजे? न्हाव्याच्या दुकानात केसाचा दुष्काळ पडलाय का? हा काय कोपऱ्यात ढीग हाय. फकस्त म्हाळूचे घेऊ नको, त्यो कलप लावतो, लुगड्याचा रंग जायचा. अंगद-स्वप्नाला बी पटलंय हे. तिघंच जानतो आमी, तू चौथा.

काय बघायलास एवढं? त्याची मान कशाला वाकवतोस? — पट्टे हायेत? असत्यात की, तिकडची तऱ्हा असंल. — मानंपासनं वर, वळीनं कातर चालवलीया म्हणतोस? बरं मग? — न्हाव्याचा हात असा चालत न्हाई? मग कुणाचा चालतो?

नाथ्या, तू लई वंगाळ माणूस हायस. तुझा बाप बरा हुता, दाढी करताना झोपायचा. — व्हय. मेंढरं कातरायचा हात हाय त्यो. मपलाच हाय. चाळीस वर्सं तेच केलं, दुसरं काय येणार मला. अंगदला ठाऊक न्हाई, स्वप्नाला न्हाई. वर्षाराणीनं बघितलं, पण तिला मी शपथ घातलीया. दोघं तिकडं पाळण्यात उलटी टांगलेली हुती तवा. दुकानातल्या त्या पोरी बिचाऱ्या नुस्त्या वरडत हुत्या, अंगदनं त्यांनाच झापलं, आन मी मुकाट उभी. साठीला आलेली बाई मी, परमुलखातल्या पोरींवर आळ घातला.

कावून कापले म्हणतोस. झगा घातला त्यांनी त्याला, गुलाबी, आन मुकूट. वर्षाराणी हासली, दुकानातल्या समद्या हासल्या, मी बी हासले की — गोड दिसत हुतं ध्यान. त्यानं आरशात बघितलं, आन रडला न्हाई, बरं का, रडला असता तर एक आईस्क्रीम देऊन गप केला असता. माझ्याकडं बघून म्हणला, आजी, बालवाडीत पोरं मला परमी म्हणत्यात, वडत्यात. दोन वर्सं झाली वडत्यात म्हणं. घरात एका शब्दानं बोलला नव्हता. मी म्हणलं, बाळा, ते देवाचे केस हायेत. तर म्हणतो कसा — देवाचे हायेत तर देवाला देऊन टाक ना, माझ्या डोक्यावर कावून ठिवलेत? फळीवर फीत कापायची कातर हुती. मांडी घातली, डोकं गुडघ्यात धरलं, चार मिनिटात मोकळा. एकदा हालला न्हाई.

नवस मपलाच हुता. स्वप्नाचा न्हाई, अंगदचा न्हाई. सातव्या महिन्यात झालेलं लेकरू, बीडच्या दवाखान्यात काचंच्या पेटीत बावीस दिवस, तळहाताएवढं. तवा मी बिरोबाला म्हणलं, हे जगव, पाच वर्सं ह्याच्या डोक्याला लोखंड लावणार न्हाई. त्यानं त्याचा शब्द पाळला. मी आठ दिवस आधी मोडला. आठ दिवस दम निघाला न्हाई मला. आन आता सारखा त्याच्या कपाळाला हात लावून बघते — ताप हाय का, आंग कोमट लागतंय का. काल नुस्तं शिंकलं तर मपल्या हातातली भाकर पडली. भ्या वाटतंय रे नाथा. देवाला नावं ठिवायला मी पहिली, पण भ्या वाटतंय.

आण इकडं ती केसाची पुडी. — एवढे बास झाले. थांब, उजेडात बघू दे. — अरे, ह्यात पांढरा केस हाय. हा बघ, आन हा एक. पाच वर्साच्या लेकराच्या जावळात पांढरे केस? मनिषाला दिसत न्हाईत व्हय? येचून काढतो म्हणतोस? किती येचशील?

न्हाई. टाक ते. टाक म्हणते ना, कोपऱ्यात टाक. एकदा देवाला दिलेला शब्द मोडला, आन आता त्याच्या म्होरं कुणाच्या तरी दाढी-मिशा वाहू? त्यो मला नावानं हाक मारून इचारील, साखरे, हे काय आणलंस? सांजच्याला सुग्रीव आला का त्याला चहा देईन, आन अंगद-स्वप्नासमोर समदं सांगीन, कातर कुणाची, हात कुणाचा. वरडू दे काय वरडायचं ते. उद्या मांडव हाय तसाच र्‍हाईल, मामा मांडीवर घेईल, आन जावळ मी कापलंय म्हणून जे काय दंडाचं असंल ते माझ्या नावानं. पोराला काय झालं न्हाई पायजे, बस. तेवढं मागते, आन देव न्हाई म्हणला तर — तर मपले केस घे म्हणते. पांढरे हायेत, पण मपले हायेत.

परमू, उतर खाली. — न्हाई रे, आजी कशाला रडंल, ह्याच्या दुकानातली पावडर डोळ्यात गेली. — आन तू काय बघायलास माझ्या तोंडाकडं? दार उघड, बाहेर कोन तरी खोकतंय. जा, बघ तुझं गिऱ्हाईक.