दृढीकरणाची तीन वर्षं

...आणि वर चर्चमधले मलाच विचारतात, "भाऊ, पोरं कुठायत?" अहो, मला काय विचारता, कोचिंग क्लासच्या जिन्यावर जाऊन बघा की! तुम्हाला सांगतो, दहा खुर्च्या मांडून, फळा पुसून, मी एकटाच दृढीकरणाच्या वर्गात तासभर बसून होतो. शेवटी चर्चचा बाळू माळी डोकावला, "बंद करू का?" म्हटलं, कर बाबा!

दृढीकरण माहितीय ना? बाप्तिस्मा आईबापांनी तान्हेपणी दिलेला असतो, पोराला कोण विचारतंय! मग पोर मोठं झालं की त्यानं स्वतःच्या तोंडानं विश्वास कबूल करायचा, बिशपसाहेब डोक्यावर हात ठेवणार, आणि त्यानंतरच प्रभुभोजनाची भाकर नि पेला. आमच्या पनवेलच्या मंडळीत हा वर्ग सहा आठवडे चालायचा. कोणाचं काही अडलं नव्हतं. माझं स्वतःचं तर दोन रविवारांत उरकलं, कारण बिशपसाहेब लवकर आले!

पण मी चर्चचा कारभार बघणाऱ्या पंचकमिटीवर निवडून आलो ना! लाइन आळीत माझं हार्डवेअर-रंगाचं दुकान. शाळा आठवीत सुटली, बाकीचं सगळं गिऱ्हाइकांकडून शिकलो. एकदा नेऱ्याच्या एका फार्महाउसवाल्यानं ओल्या भिंतीला रंग फासला, महिन्यात पापुद्रे! तीच गोष्ट मी कमिटीत सांगितली. म्हटलं, "सहा आठवडे म्हणजे ओल्या भिंतीला रंग! तीन वर्षं घ्या. पहिलं जुना करार, दुसरं नवा करार, तिसरं विश्वासांगीकार आणि प्रभुभोजन." चर्चचे पाळकसाहेब चष्मा पुसत हळूच म्हणाले, "भाऊ, जरा लांब नाही का होत?" म्हटलं, "साहेब, प्रायमर, पहिला हात, दुसरा हात. मधला हात गाळून चालेल?" पुन्हा चष्मा पुसायला लागले बिचारे. दुकानदाराशी कोण बोलत बसणार?

आणि वर नियम! एक वर्ष चुकलं की पुन्हा पहिल्यापासून, सवलत कोणालाही नाही. हे सुचवलं कोणी? मीच!

पहिलं वर्ष काय रंगलं म्हणता! आठवीतली अकरा पोरं. नोहाच्या तारवाला, त्या महापुरातल्या जहाजाला, मी दुकानातून प्लायवुडचे तुकडे नेले, कुठलं पाण्यात टिकतं ते दाखवलं. खारघरच्या रंजिताबाईंचा देवेश विचारतो, "काका, जिराफ आत उभे होते का बसलेले?" म्हटलं, बसलेले! उगाच प्रश्न वाढायला नकोत. आमची अनुयाही त्याच वर्गात. माझी आई, ऐंशीची, दर रविवारी जेवताना तेच, "झालं का रे पोरीचं? तिच्या शेजारी गुडघे टेकून एकदा भाकर घ्यायचीय मला. गुडघे आहेत तोवर." मी म्हणायचो, "आई, जरा वाळू दे!"

दुसऱ्या वर्षी रंजिताबाई आल्या. "भाऊ, मिस्टरांची नागपूरला बदली झालीय. बिशपसाहेब यंदा आलेत, तर देवेशचं उरकून घ्या ना. राहिलेले पाठ मी घरी करून घेते." पाळकसाहेब तर तयारच होते! नियमावर बोट ठेवलं कोणी? मीच! "बाई, आज तुम्हाला दिलं की उद्या सगळे मागतील." बाई भांडल्या असत्या तर बरं वाटलं असतं. त्या नुसत्या म्हणाल्या, "देवेश, काकांना सलाम कर." आणि केला की हो पोरानं सलाम, आमच्यात नमस्काराला सलामच म्हणतात... तो फार लागला.

मग तिसरं वर्ष. आता सांगा, आठवी, नववी, आणि मग काय? हसताय! अख्ख्या पनवेलला माहीत होतं, मला सोडून! आठवीत शाळा सुटलेल्या माणसाला दहावी म्हणजे काय चीज आहे ते कुठून कळणार? दहावीचं पोर लग्नाला जात नाही, मामाकडे जात नाही, ते रविवारी सकाळी माझ्याकडे येणार? "काका, टेस्ट सिरीज आहे." "काका, गणिताची एक्स्ट्रा बॅच." शार्दूलचे वडील तर म्हणाले, "भाऊ, देव पुढच्या वर्षी पण भेटेल, नव्वद टक्के नाही भेटणार." दहाचे सहा झाले, सहाचे दोन, आणि शेवटी आमच्या हिनं, निशानं, फर्मान काढलं, "अनुया येणार नाही. मार्चनंतर बघू." माझ्याच घरातून! आणि प्रभुभोजन दहावीच्या वर्षात ठेवलं कोणी? मीच!

त्यातच आईचे गुडघे गेले. आता महिन्याच्या पहिल्या रविवारी पाळकसाहेबच भाकर नि पेला घेऊन घरी येतात. गेल्या खेपेला पेला मांडता मांडता हळूच म्हणाले, "भाऊ, बिशपसाहेब पुढच्या महिन्यात येतायत. अनुयाची दोन वर्षं झालीत. शब्द टाकू का?" तुम्हाला सांगतो, घशापर्यंत 'हो' आलं होतं! पण देवेशचा तो सलाम... म्हटलं, "नको साहेब. नियम आहे."

अनुया दारात उभी, हातात विज्ञानाचं पुस्तक, मधे बोट घातलेलं. आईनं हातावरची भाकर मोडली, अर्धी तिच्यापुढे धरली. "ये गं." पाळकसाहेबांनी माझ्याकडे पाहिलं. अनुयानं माझ्याकडे पाहिलं. मी पंख्याकडे पाहिलं. पंखा बंद होता. आणि पोर म्हणते कशी, "आजी, अजून नाही चालत मला."

अकरांतली ही एकच नीट शिकली होती हो!

आईनं दोन्ही तुकडे स्वतःच खाल्ले, सावकाश. मग माझ्याकडे वळून म्हणाली, "कराराची वर्षं मोजलीस, पोरांची मोजलीस. माझी कुठल्या वर्षात धरली होतीस रे?"

काय सांगू! वर्गाचे दीडशे प्रश्न नि दीडशे उत्तरं, सगळी माझ्या हातची, वहीत बांधून ठेवलेली. तीन वर्षांत हा एकच प्रश्न अभ्यासक्रमाबाहेरचा आला... आणि तो मी आपला कोरा सोडला.