वैशाखऱ्यातला धड गुडघा

(१९६३ सालचा माघ. मुरबाडहून माळशेज घाटाकडे जाणाऱ्या रस्त्यावरचं वैशाखरे. काळूरामच्या घराची ओटी. विद्यापीठाच्या अस्थि-स्नायू संशोधन केंद्राचे डॉक्टर मुंबईहून आलेले आहेत.)

डॉक्टर : ...तेव्हा काळूराम, राष्ट्र उभं राहतं ते हाडांवर. धरणं, कारखाने, पंचवार्षिक योजना हे सगळं मागाहून. आधी गुडघा!

काळूराम : खरं हाय सायब. फक्त खुर्चीवरनं मागं टेकू नका. भिंत सकाळीच सारवलीय, राष्ट्राला शेन लागंल.

डॉक्टर : अरेरे, कोट! ...असो. पण तुमच्या गावाचं मला आश्चर्य वाटतं. सापगावला गेलो, किन्हवलीला गेलो. तिथे माणसं माणसांसारखी चालतात. इथे एस्टीतून उतरल्यापासून बघतोय, जो तो लंगडतोय. पाण्यात काही दोष आहे का?

काळूराम : पान्यात नाय, माज्यात हाय. मीच सांगलं त्यांना लंगडायला.

डॉक्टर : तुम्ही? कशासाठी?

काळूराम : हळू बोला. गोजर चुलीपाशी हाय. माजी बायको. तिचा उजवा गुडघा गेलाय. दोन पावसाळे झाले. रातची कण्हते. मी उठलो का बोलते, सपान पडलं. रोज एकच सपान कोनाला पडतं? तुमच्या केंद्रात नेऊन तिच्या हाडाचा फोटू काढा, काय विलाज असंल तो करा. एवढंच मागनं हाय.

डॉक्टर : मग तिनं येऊन सांगावं. त्यासाठी गावानं कशाला लंगडायचं?

काळूराम : ती सांगंल? आख्ख्या जन्मात तिनं कोनाला सोडलं नाय. धाऊचा पाय मोडला तवा त्याला 'तिपाई' नाव ठेवलं. ते आता रेशनकारडावर चढायचंच बाकी हाय. नामदेवची आय काठी टेकत आली, तर तिला विचारती, कुनाची गुरं राखाया निघालीस? आता हिनंच गुडघा धरला तर गाव सोडंल काय हिला? म्हनून बोललो, आधी गावच लंगडू दे. सगळीच लंगडी झाली का लाजायचं कोनाला?

डॉक्टर : घोटाळा केलात, काळूराम. मला चांगले गुडघे हवे आहेत!

काळूराम : चांगल्याला डाक्टर कशाला?

डॉक्टर : परदेशात एक संस्था आहे. तिकडची माणसं जन्मात जमिनीवर बसत नाहीत, आणि पन्नाशीला त्यांचे सांधे जातात. तुम्ही लोक आयुष्यभर उकिडवे बसता. चुलीपुढे, शेतात, गप्पा मारताना. तरी तुमचे गुडघे शाबूत कसे, हे संस्थेला जाणून घ्यायचंय. शाबूत माणसं मुंबईला न्यायची, फोटो काढायचे, मोठे डॉक्टर तपासतील. सगळा खर्च संस्थेचा.

काळूराम : आन दुखऱ्यांचा?

डॉक्टर : त्यांचा खर्च अजून कुणी उचललेला नाही.

काळूराम : म्हंजे मुंबईला जायला पाय धड पायजे, आन धड पायाचं मुंबईत काय काम नाय. सरकारी दिसतंय.

डॉक्टर : विद्यापीठाचं आहे.

काळूराम : तेच ते. मंग गोजरला धड म्हनून लिवा. एकदा मोठ्या डाक्टरापुढं गेली का तो बगलंच ना?

डॉक्टर : शास्त्रात खोटं चालत नाही. उकिडवं बसून, हात न टेकता उठल्या, तर लिहीन. नाहीतर नाही.

काळूराम : गप. आली.

गोजर : घ्या डाक्टर, च्या. गुळाचा हाय. आन अवो, गावाला झालंय काय? आपला यमाजी असा लंगडत चाललावता, जसं काय बैलानं तुडवलाय. तेवढ्यात एस्टी दिसली, तर पळत सुटला! आत चढला, खिडकीपाशी बसला, आन मला बगून बसल्या बसल्या परत लंगडाया लागला.

काळूराम : साथ असंल कसली तरी.

गोजर : पटकीची साथ आयकली, देवीची आयकली. लंगडायची साथ तुमच्याच राज्यात. मला बरी नाय लागली ती?

काळूराम : तुजं हाडच येगळं, गो.

डॉक्टर : बाई, तुम्ही अगदी सरळ चालता.

गोजर : मंग काय वाकडी चालू? पावना आलाय घरात.

डॉक्टर : तसं नव्हे. आमच्या केंद्राला मुंबईला न्यायला उत्तम गुडघ्याची माणसं हवी आहेत.

गोजर : मला नेनार? मुंबईला? माज्या गुडघ्यापायी? थांबा, सकुबाईला सांगून येते. मेली गेल्या साली कल्यानला जाऊन आली तर वरीसभर तेच आयकवतेय.

काळूराम : आधी उकिडवी बसून दाव. उठताना हात टेकायचा नाय.

गोजर : त्यात काय? जन्म गेला. ही बगा, बसले.

डॉक्टर : छान. आता उठा.

गोजर : उठते की. घाई काय? तुमची एस्टी सांजची हाय. लगीन झालंय का, डाक्टर?

डॉक्टर : अजून नाही. उठा.

गोजर : का नाय झालं? नाकीडोळी बरे हाव.

डॉक्टर : नोकरी कायमची नाही.

गोजर : अगो बाय. मुलगी बगायची का आमच्या हिकडची? धडधाकट असतात. ...अवो, ते सूप द्या हिकडं. बसलेच हाय तर तांदूळ पाखडते.

काळूराम : काल पाखडलेस की.

गोजर : मंग खडं वेचते.

काळूराम : खडंबी कालच वेचलेस.

गोजर : बगा डाक्टर! बायको काम करते तर नवऱ्याला बगवत नाय. तुमच्या मुंबईत असंच असतं का?

डॉक्टर : बाई, तुम्हाला घाम फुटलाय.

गोजर : ऊन हाय.

काळूराम : माघ हाय, गोजर. आन तू सावलीत हायस.

डॉक्टर : राहू द्या हो. मी लिहितो, उठल्या म्हणून.

गोजर : न उठता लिवाल? आन शास्त्र? आमाला वाटलं, शिकलेली मानसं खोटं लिवत नाय. ...अवो.

काळूराम : काय गो?

गोजर : काय नाय.

काळूराम : बरं.

गोजर : अवो, हात द्या.

काळूराम : घे. दोनी घे.

गोजर : सावकास... आय गो! उजव्या अंगानं धरा. तसं नाय, तसं नाय... हां. कोनाला बोलाल तर बगा.

काळूराम : कोनाला बोलू? जो येईल तो लंगडतच येनार.

गोजर : ...तुमी सांगलंत त्यांना!

काळूराम : मी कोन सांगनार? मी काय सरपंच हाय?

गोजर : म्हंजे यमाजी एस्टीत बसून लंगडत व्हता तो माज्यापायी? मेल्याला धड शिकवायचं तरी. आन धाऊला? धाऊलाबी सांगलंत?

काळूराम : तो रुसून घरात बसलाय. बोलतो, आख्खा गाव माजी नक्कल करतो.

गोजर : उद्या जाऊन येते त्याच्याकडं. लंगडत जाते, म्हंजे हसंल. ...लिवा डाक्टर, गोजर काळूराम, उजवा गुडघा दुखतो. आता हसा नाय तर काय करा. मुंबईला कवा जायचं?

डॉक्टर : तेच... म्हणजे, दुखरे गुडघे आम्हाला घेता येत नाहीत.

काळूराम : सायब, हिचा एक घाला की मधी. चार चांगल्या बैलांची पारख करायला पाचवा वाईट लागतोच.

डॉक्टर : शास्त्रातही लागतो. तुमचं चुकत नाही. पण खरं सांगायचं तर संस्थेनं अजून पैसे दिलेले नाहीत. देणार आहे, अशी बातमी आहे. चांगले गुडघे जमले की आम्ही अर्ज करणार.

काळूराम : आन केंद्र?

डॉक्टर : त्याला खोली मिळण्याची शक्यता आहे.

काळूराम : फोटूचं यंतर?

डॉक्टर : त्याचीही बातमी आहे.

गोजर : मंग आता हाय काय तुमच्या केंद्रात?

डॉक्टर : सध्या मी आहे. जूनपर्यंत.

गोजर : अगो बाय. अवो, भाकर टाकते दोन, पोर उपाशी दिसतंय.

काळूराम : तू जागची हलू नको. सायब, बातमी ऱ्हाऊ दे. तुमी डाक्टर तर खरे हाव ना? मंग हात लावून बगा, आन हिनं काय करायचं ते सांगा.

डॉक्टर : बघू... इथे दुखतं? आणि इथे? हं. सूज आहे. रोज शेकायचा. ओझं नाही, उकिडवं बसणं आजपासून बंद. जमिनीवर बसायचंच नाही. बसायचं ते खुर्चीवर.

गोजर : गावात खुर्ची एक हाय. तिच्यावर तुमी बसलाय.

डॉक्टर : अरे! मग या ना, बसा. ही घ्या, बसा इथे.

काळूराम : शाळेची हाय, सायब. सोमवारी परत न्यायचीय.