खऱ्या गोदीकामगारासोबत जेवण

त्रूदा : आणि तू तसाच मागच्या दाराने निघालास? न जेवता?

अलोइझी : जेवायला होतं काय तिथं? हेरिंगवर साखर घातलेली, त्रूदा. साखर, आणि वर लाल चेरी. चाळीस परदेशी माणसं काट्याला तो तुकडा टोचून आधी फोटो काढत होती, मग तोंडात घालत होती. मी माझं ताट बाजूला सारलं.

त्रूदा : उभा जन्म गेला माझा मासळीच्या कारखान्यात. हेरिंगची एवढी विटंबना नाही पाहिली.

अलोइझी : वाढणाऱ्या बाईला दूर दक्षिणेतल्या क्राकुवकडचा घागरा नेसवला होता. फुलाफुलांची चोळी, गळ्यात लाल मणी. बाहेर समुद्र दिसतोय आणि ही तिकडची नवरी होऊन सूप वाढतेय. मी हळूच विचारलं, कुठली गं तू? म्हणाली, हेलची. वडील कोळी आहेत.

त्रूदा : आपल्या किनाऱ्यावरची काशुबी पोरगी, आणि तो घागरा. लाज कशी वाटली नाही त्यांना? तुझी मिर्का काही बोलली नाही?

अलोइझी : मिर्काच तर गाईड आहे त्यांची. तिकडे क्राकुवपासून निघालेत, तोरुन झालं, मालबोर्कचा किल्ला झाला, काल ग्दान्स्क, आणि आज आपलं ग्दिनिया. सकाळी स्मारक, दुपारी मी, मग सोपोतच्या धक्क्यावर आइस्क्रीम. कागदावर छापलंय तसं. माझं नाव नाही छापलं. ‘खऱ्या गोदीकामगारासोबत जेवण’, एवढंच.

त्रूदा : पण हो तूच म्हणालास ना? आठवडाभर त्या शर्टाला इस्त्री मारत होतास. मला वाटलं, म्हातारा आता बोहल्यावर चढतोय.

अलोइझी : तिने गयावया केली म्हणून हो म्हणालो. आधी जो खरा कामगार होता, तो कुठल्याशा नाटकमंडळीतला नट होता. गोदी त्याने फक्त बसमधून पाहिलेली. त्याला दुसरीकडे चांगलं काम मिळालं. मग मिर्का म्हणाली, बाबा, तुम्ही तरी खरे आहात. दहा मिनिटं बोला, मी भाषांतर करते. मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. इतक्या वर्षांत कुणी म्हटलं नव्हतं की बोल.

त्रूदा : मग झालं काय?

अलोइझी : गेल्यागेल्या त्यांच्या मॅनेजरने माझ्या डोक्यावर प्लास्टिकचं पिवळं हेल्मेट ठेवलं. खेळण्यातलं असतं ना, तसलं. एका हातात व्होडकाचा पेला दिला. मी पेला खाली ठेवला की तो परत हातात द्यायचा. मग लोक एकेक करून शेजारी येऊन उभे राहिले. एका बाईने माझा दंड दाबून पाहिला, जत्रेत बैल पाहावा तसा.

त्रूदा : आणि तू उभा राहिलास.

अलोइझी : राहिलो. मनात म्हटलं, पोरीची नोकरी आहे. मग मिर्का म्हणाली, आता बोला. मी विचार करून गेलो होतो की जहाजं कशी बांधायचो ते सांगायचं. वेल्डिंगचं सांगायचं. पण तोंड उघडलं आणि दुसरंच बाहेर पडलं. मी ब्रूनोनचं सांगितलं.

त्रूदा : कुणाचं?

अलोइझी : ऐकलंस तू.

त्रूदा : ऐकलं. पण तुझ्या तोंडून ते नाव शेवटचं कधी ऐकलं ते आठवत नाही, म्हणून विचारलं.

अलोइझी : चिडू नकोस.

त्रूदा : चिडत नाही. नाताळात आमचं लग्न होतं, अलोइझी. आईने पिठासाखरेची सोयसुद्धा केली होती. तुम्ही दोघं कामावर गेलात आणि परत तू एकटा आलास. मी विचारलं, तर म्हणालास, गोळी लागली, आता विचारू नकोस. मी नाही विचारलं. सरकारी माणसांनी त्याला चोरून पुरलं तेव्हा त्याच्या आईला तेवढं बोलावलं, कारण मी कागदोपत्री त्याची कुणीच नव्हते. तेव्हाही मी तुला काही विचारलं नाही. पुढे माझं लग्न झालं, नवरा गेला, आपण दोघं म्हातारे झालो. आणि तू ते सांगितलंस कुणाला, तर साखर घातलेली हेरिंग खाणाऱ्यांना.

अलोइझी : तुझ्यासमोर जीभ उचलत नव्हती. तिथं एकही चेहरा ओळखीचा नव्हता. म्हणून जमलं असेल.

त्रूदा : मिर्का होती की.

अलोइझी : ती भाषांतर करणार होती. ती मला मिर्का वाटलीच नाही.

त्रूदा : बरं. मग? त्यांनी काय केलं?

अलोइझी : हसले.

त्रूदा : म्हणजे?

अलोइझी : मी सांगितलं, सत्तरच्या डिसेंबरात संप चालू होता, आदल्या संध्याकाळी टीव्हीवर सरकारातल्या साहेबांनी सांगितलं होतं की संप पुरे, कामावर या. म्हणून आम्ही पहाटेच्या गाडीने गेलो. गोदीच्या स्टेशनाबाहेर सैन्य रणगाडे घेऊन उभं होतं. इथवर सगळे ऐकत होते. मग मी म्हटलं, ब्रूनोन पुलाच्या पायऱ्यांवर माझ्यापुढे होता, आणि तो पडला. मी थांबलो. मिर्काने त्यांना त्यांच्या भाषेत सांगितलं. आणि ते हसले, त्रूदा. आधी दोघंतिघं, मग सगळं टेबल. आधी वाटलं, मीच काहीतरी चुकीचं बोललो. मी पुढे सांगत गेलो, ते पुन्हा हसले. एक जाडा माणूस उठला, माझ्या पाठीवर थाप मारली आणि पेला उंच केला. टाळ्या वाजल्या. आणि किळस कशाची येते सांगू? मी मान लववली. टाळ्या वाजल्या की माणूस लवतो तसा लवलो.

त्रूदा : मिर्काने सांगितलं तरी काय त्यांना?

अलोइझी : ते तिलाच माहीत. मी हेल्मेट त्या हेरिंगच्या ताटात ठेवलं आणि मुदपाकखान्यातून बाहेर पडलो. किनाऱ्याने चालत आलो घरी.

(दाराची घंटा वाजते. त्रूदा दार उघडते.)

मिर्का : बाबा आहेत ना गं आत्या? फोन उचलत नाहीत. मी त्या लोकांना सोपोतला धक्क्यावर सोडून आले. बसवाला थांबलाय तिथं.

त्रूदा : आत आहेत. कोट काढ.

मिर्का : वेळ नाही गं मला. बाबा, असं न सांगता निघून जातात का? मला वाटलं, चक्कर येऊन कुठे पडलात. मी मॅनेजरला सांगितलं, त्यांचं वय झालंय, त्रास झाला. तुमची बाजू सांभाळली मी.

अलोइझी : उपकार झाले.

मिर्का : असं तिरकं बोलू नका. सगळे तुमच्यावर खूश आहेत. मॅनेजर म्हणतो, दर आठवड्याला या. पुढच्या पत्रकात तुमचा फोटो छापायचाय त्याला.

अलोइझी : त्या टोपड्यासकट?

मिर्का : बाबा.

अलोइझी : ब्रूनोन पडला, असं मी म्हटलं. तू काय म्हटलंस?

मिर्का : ते आता जाऊ द्या ना.

अलोइझी : मला त्यांची भाषा येत नाही. हसणं कळतं. काय म्हटलंस?

त्रूदा : सांग गं. मलाही ऐकायचंय.

मिर्का : मी म्हटलं... तो पाण्यात पडला. म्हणजे मी असं सांगितलं की तुम्ही दोघं त्या दिवशी कामाला दांडी मारून मासे धरायला गेलात. सैनिक दिसले तसा मित्र घाबरला आणि धक्क्यावरून पाण्यात पडला. तुम्ही त्याला गळाने ओढून काढलंत.

अलोइझी : मग?

मिर्का : मग तो भिजलेला घरी गेला. व्होडका प्यायला.

अलोइझी : शी.

मिर्का : तुम्हाला काय वाटतं, मला आवडलं ते? माझ्याआधीच्या गाईडने जेवताना एकदा खरं काय झालं ते सांगितलं होतं. लोकांनी तक्रारी लिहिल्या, जेवणाचा विरस झाला म्हणून. तिला काढलं. आम्हाला बजावून सांगितलंय, गोळीबारात मेलेल्यांचं सगळं सकाळी स्मारकापाशी संपवायचं, जेवताना काढायचं नाही. सकाळी फुलं वाहायची आणि दुपारी त्याच लोकांना हसवायचं. मी हे उन्हाळाभर करतेय. मला माझ्याच आवाजाचा वीट आलाय.

अलोइझी : मग मला कशाला नेलंस त्या उकिरड्यात?

मिर्का : मला वाटलं, तुम्ही जहाजांचं सांगाल. वेल्डिंगचं. तुम्ही घरी दुसरं काही कधी सांगितलंत का? दर नोव्हेंबरला, मृतांच्या दिवशी, आपण त्या थडग्यावर मेणबत्ती लावतो. मी लहान असताना विचारलं, हे कोण? तुम्ही म्हणालात, गोदीतला होता. बस. तो तुमच्यापुढे एका पायरीवर होता, हे मला आज दुपारी कळलं. चाळीस लोक माझ्या तोंडाकडे बघत असताना. मी भाषांतर काय करणार होते? मला ते वाक्य ऐकूच जाईना. तोंडात जे आलं ते बोलले. आणि एकदा ते हसले, तशी सुटका झाल्यासारखं वाटलं, म्हणून पुढेही तसंच बोलत गेले.

त्रूदा : सुटका.

मिर्का : तुम्ही गेल्यावर मी बाथरूममध्ये जाऊन ओकले, बाबा. परत येऊन त्यांच्याबरोबर केक खाल्ला. मॅनेजर फोटोचं विचारत होता, मी हसून बघू म्हणाले. आता तुम्ही काय म्हणायचं ते म्हणा.

अलोइझी : काय म्हणू? तू माझ्याच तोंडून त्याला विदूषक केलंस. त्यांनी त्याला पोत्यात घालून पुरलं, तेव्हासुद्धा त्याच्यावर कुणी हसलं नव्हतं.

मिर्का : मला त्याला मारता आलं नाही. एवढंच आहे ते. निदान तो घरी तरी गेला.

त्रूदा : कुणाच्या घरी?

मिर्का : म्हणजे?

त्रूदा : तुझ्या गोष्टीत. भिजून कुणाच्या घरी गेला?

मिर्का : तसं काही ठरवलं नव्हतं गं आत्या. तू अशी का बघतेस?

अलोइझी : त्याचं लग्न हिच्याशी ठरलं होतं.

मिर्का : कुणाचं?

अलोइझी : ब्रूनोनचं. हिच्याशी.

मिर्का : आत्या... मला कुणी कधीच... देवा. मला माहीत असतं तर मी तोंडातून शब्द काढला नसता.

त्रूदा : बस खाली. रडू नकोस, त्याने काही होत नाही. तुझा फोन वाजतोय.

मिर्का : बसवाला असेल. वाजू दे.

त्रूदा : नोकरी जाईल.

मिर्का : जाऊ दे. नाही, तसं नको. थांब. हॅलो... हो, मीच. त्यांना आणखी एक आइस्क्रीम खायला सांगा. मी उशिरा येईन. आणि मॅनेजरना सांगा, गोदीकामगार पुन्हा येणार नाहीत. फोटोही नाही मिळायचा. नंतर बोलते मी त्यांच्याशी... हो, मीच बोलेन.

अलोइझी : उद्या ते दुसरा नट आणतील.

मिर्का : आणतील. त्याचं भाषांतर मी करणार नाही, एवढं माझ्या हातात आहे.

अलोइझी : आणि सकाळच्या स्मारकाचं?

मिर्का : ते करेन. ते तरी नीट करेन.

त्रूदा : ते तुमचं तुम्ही नंतर ठरवा. मिर्का, बाबांनी तिथं जे सांगितलं, ते तुला सगळं आठवतंय?

मिर्का : आठवतंय.

त्रूदा : मग ते मला सांग. हा सांगणार नाही. तू सांग, जसं ऐकलंस तसं. मध्ये काही घालू नकोस.

अलोइझी : त्रूदा, कशाला आता?

त्रूदा : तू गप्प बस. चाळीस माणसांना सांगून झालं तुझं.

मिर्का : बाबा म्हणाले, अंधार होता अजून. गाडीतून एवढी माणसं उतरली की पुलावर मुंगीच्या पावलांनी चालावं लागत होतं. समोरून लाउडस्पीकरवर कुणीतरी परत जा, परत जा म्हणत होतं. पण मागून दुसरी गाडी आली होती, परत जायला जागा नव्हती. ब्रूनोन एक पायरी पुढे होता. कुणालाच वाटत नव्हतं की खरोखर गोळ्या घालतील. तो तर जेवणाबद्दल बोलत होता. त्याने मागे वळून बाबांना विचारलं, ‘त्रूदाने आज काय दिलंय डब्यात?’ बाबा सांगणार, तेवढ्यात तो पडला. बाबांना वाटलं, पायरीवरून पाय घसरला.

त्रूदा : पुढे?

मिर्का : पुढे बाबा थांबले. म्हणजे मी भाषांतर करावं म्हणून थांबले.

त्रूदा : हे विचारलं त्याने? खरंच?

अलोइझी : हो.

त्रूदा : काय दिलं होतं मी? मला आठवत नाहीये, अलोइझी. किती आठवलं तरी आठवत नाही.

अलोइझी : चरबी लावलेला पाव. आणि लोणच्यातली काकडी.

त्रूदा : काकडी त्याला आवडायची नाही.

अलोइझी : माहीत आहे. ती मी खायचो.